व्यासपीठ आणि खुर्ची यांच्यातील अंतर

पाश्चात्त्य अभिजात संगीताचे वाद्यवृंद आज श्रोत्यांच्या शोधात सभागृहाबाहेर पडले आहेत. कोणी पबमध्ये वाजवतो, कोणी वाहनतळावर, तर कोणी ऐन मध्यरात्री. हा केवळ तिकीटविक्रीचा खटाटोप आहे, की संगीत ऐकण्याची रीतच बदलते आहे? आणि स्वतःचा सिंफनी वाद्यवृंद असलेल्या मुंबईने यातून काय घ्यावे?

इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहरात एप्रिल २०२४ मध्ये एक प्रसंग घडला आणि त्याची चर्चा संगीतविश्वात पुष्कळ दिवस रेंगाळली. सिटी ऑफ बर्मिंगहॅम सिंफनी ऑर्केस्ट्राच्या मैफलीत सुप्रसिद्ध गायक इयन बॉस्ट्रिज हे बेंजामिन ब्रिटन यांची एक गीतमाला गात होते. समोरचे काही श्रोते मोबाइल फोन उंचावून चित्रण करीत होते. बॉस्ट्रिज मध्येच थांबले आणि फोन खाली ठेवण्याची विनंती त्यांनी श्रोत्यांना केली. श्रोत्यांनी कोणताही नियम मोडला नव्हता, हे त्यांना मागाहून समजले. छायाचित्रे आणि छोटी चित्रणे घेण्याची मुभा खुद्द वाद्यवृंदानेच दिलेली होती. नव्या श्रोत्याला सभागृह परके वाटू नये, हा त्यामागील हेतू होता. पुढे वाद्यवृंदाला आपल्या सूचनेची भाषा सुधारावी लागली आणि फोनचा वापर टाळ्यांच्या वेळी करावा, असे सांगावे लागले.

या वादात चूक कोणाची, असा प्रश्न विचारला तर उत्तर सोपे नाही. एकाग्रता भंगली म्हणून थांबणारा गायक आपल्या जागी बरोबर होता. दिलेल्या मुभेचा उपयोग करणारा श्रोताही बरोबर होता. आणि श्रोत्यांसाठी दारे अधिक उघडू पाहणाऱ्या वाद्यवृंदाची अडचणही खरी होती. त्याच वर्षी फेब्रुवारीत, आर्थिक डबघाईला आलेल्या बर्मिंगहॅम नगरपालिकेने शहरातील कलासंस्थांचे अनुदान टप्प्याटप्प्याने पूर्ण बंद करण्याचे ठरवले होते. अनुदान जाते तेव्हा श्रोता हाच आधार उरतो. तो श्रोता कसा मिळवायचा आणि मिळवताना संगीताचे काय राखायचे, हा आज जगातील बहुतेक वाद्यवृंदांपुढील प्रश्न आहे.

शांततेचा नियम पुरातन नाही

सिंफनीच्या मैफलीत श्रोत्याने स्तब्ध बसावे, रचनेच्या दोन खंडांमध्ये टाळ्या वाजवू नयेत, खोकलासुद्धा दाबून धरावा, हा शिष्टाचार अनादि काळापासून चालत आला आहे, असा अनेकांचा समज असतो. इतिहास मात्र वेगळे सांगतो. मोझार्टने १७७८ साली पॅरिसहून आपल्या वडिलांना लिहिलेले एक पत्र या संदर्भात वाचण्यासारखे आहे. आपल्या नव्या सिंफनीच्या पहिल्या खंडातील एक जागा श्रोत्यांना आवडणार हे त्याला ठाऊक होते. म्हणून तीच जागा त्याने खंडाच्या शेवटी पुन्हा आणली होती आणि त्या जागेवर वादन चालू असतानाच टाळ्या पडल्या. अखेरच्या खंडाचा आरंभ त्याने मुद्दाम हळू आवाजात केला. श्रोत्यांनी एकमेकांना गप्प केले आणि नंतर सारा वाद्यवृंद एकदम गर्जला तेव्हा पुन्हा टाळ्या झाल्या. या प्रतिसादाने मोझार्ट दुखावला नाही, उलट खूश झाला. श्रोता कोठे दाद देईल याचा हिशेब करूनच त्याने रचना केली होती.

बेथोव्हेनच्या सातव्या सिंफनीचा पहिला प्रयोग ८ डिसेंबर १८१३ रोजी व्हिएन्नामध्ये झाला. जखमी सैनिकांच्या मदतीसाठी ती मैफल होती. तिच्यातील दुसरा खंड श्रोत्यांनी आग्रहाने पुन्हा वाजवून घेतला. मराठी रसिकाला हे मुळीच नवल वाटणार नाही. किर्लोस्करांच्या ‘संगीत सौभद्र’पासून बालगंधर्वांच्या काळापर्यंत पदाला ‘वन्स मोअर’ मिळणे ही नटाच्या कीर्तीची खूण होती. नाटकाचे कथानक थांबे, पद पुन्हा होई आणि कोणालाही त्यात रसभंग वाटत नसे.

मग शांतता आली कोठून? एकोणिसाव्या शतकात जर्मनीत संगीताकडे पाहण्याची एक गंभीर दृष्टी रुजली. लाइपझिगमधील गेवांटहाउस या मैफलगृहाचे ब्रीदवाक्यच मुळी, खरा आनंद ही गंभीर गोष्ट आहे, अशा आशयाचे लॅटिन वचन आहे. वाग्नरने १८७६ साली बायरॉइटमध्ये आपले स्वतःचे नाट्यगृह उघडले. तेथे प्रेक्षागृहात अंधार केला गेला आणि वाद्यवृंद प्रेक्षकांच्या नजरेआड खाली बसवण्यात आला. विसाव्या शतकात अमेरिकेत लिओपोल्ड स्टोकोव्स्कींसारख्या संचालकांनी खंडांमधील टाळ्यांना उघड विरोध केला. पुढे ध्वनिमुद्रिका आणि रेडिओ आले. घरी निर्वेधपणे संगीत ऐकण्याची सवय लागलेल्या कानांना सभागृहातील कुजबूजही खटकू लागली.

या शिस्तीचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. महलरच्या सिंफनीतील अगदी शेवटचे, विरत जाणारे स्वर शांततेशिवाय ऐकूच येणार नाहीत. पण त्याबरोबर एक गोष्ट घडली. नियम माहीत असलेले आणि नसलेले, असे श्रोत्यांचे दोन वर्ग पडले. चुकीच्या ठिकाणी टाळी वाजवणाऱ्याकडे शेजारची मान वळू लागली. एकदा अशी नजर झेललेला माणूस पुन्हा त्या सभागृहाची पायरी चढताना विचार करतो.

पैशांचे न सुटणारे गणित

अमेरिकेतील राष्ट्रीय कला निधीची पाहणी या संदर्भात बोलकी आहे. वर्षभरात अभिजात संगीताच्या किमान एका मैफलीला गेलेल्या प्रौढांचे प्रमाण २००२ साली ११.६ टक्के होते. २०१२ साली ते ८.८ टक्क्यांवर आणि २०२२ साली ४.६ टक्क्यांवर आले. शेवटच्या आकड्यावर करोना साथीची छाया आहे, हे लक्षात घ्यावेच लागेल. तथापि घसरणीची दिशा साथीच्या पुष्कळ आधीपासूनची आहे.

दुसरीकडे खर्च मात्र कमी होऊ शकत नाही. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अर्थतज्ज्ञांनी १९६६ साली प्रयोगकलांच्या अर्थकारणावर ग्रंथ लिहून या दुखण्यावर बोट ठेवले. कारखान्यात यंत्र आले की तेच काम कमी माणसांत होते. बेथोव्हेनची चौकडी वाजवायला मात्र त्याच्या काळी जितकी माणसे आणि जितका वेळ लागत असे, तितकाच आजही लागतो. वादकांचे वेतन इतर क्षेत्रांबरोबर वाढवावे लागते, उत्पादकता मात्र वाढत नाही. म्हणजे तूट ही वाद्यवृंदाच्या कारभाराची चूक नसून त्याच्या प्रकृतीचाच भाग आहे. ती सरकारने, धनिकांनी किंवा श्रोत्यांनी भरून काढायची असते.

ही तूट भरली नाही की काय होते, हे अमेरिकेने पाहिले आहे. फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राने एप्रिल २०११ मध्ये दिवाळखोरी कायद्याखाली संरक्षण मागितले. मिनेसोटा ऑर्केस्ट्राच्या व्यवस्थापनाने ऑक्टोबर २०१२ पासून वादकांना टाळेबंदी लागू केली. ती उठायला २०१४ चा जानेवारी उजाडला. डेट्रॉइट सिंफनी ऑर्केस्ट्राच्या वादकांचा संप २०१० च्या ऑक्टोबरपासून सहा महिने चालला.

यांपैकी डेट्रॉइटची पुढील वाटचाल लक्षणीय आहे. वेतनकपात स्वीकारून वादक कामावर परतले, तेव्हा वाद्यवृंदाने दोन गोष्टी केल्या. आपल्या मैफली इंटरनेटवरून थेट आणि विनामूल्य दाखवायला सुरुवात केली आणि उपनगरांतील चर्च, सिनेगॉग, शाळा यांच्या सभागृहांत जाऊन वाजवण्याची मालिका सुरू केली. शहराच्या मध्यभागातील भव्य सभागृहात लोक येत नसतील, तर आपण लोकांच्या वस्तीत जावे, असा हा साधा विचार होता. संप आणि आर्थिक संकट यांनी तो सुचवला असला, तरी त्यामुळे त्याचे मोल कमी होत नाही.

मध्यरात्रीची मैफल

अनौपचारिक मैफलींची आजची लाट ज्या दोन शहरांत विशेष विचारपूर्वक रूपाला आली, ती शहरे म्हणजे लंडन आणि बुडापेस्ट.

लंडनमधील ‘ऑर्केस्ट्रा ऑफ द एज ऑफ एन्लायटन्मेंट’ हा १९८६ साली स्थापन झालेला वाद्यवृंद आहे. रचना ज्या काळातली, त्या काळच्या धाटणीची वाद्ये वापरणे हे त्याचे वैशिष्ट्य. तेथे कायमचा मुख्य संचालक नसतो, कारभार वादकांच्याच हाती असतो. या वाद्यवृंदाने २००६ साली ‘द नाइट शिफ्ट’ या नावाचा उपक्रम सुरू केला. संध्याकाळची नेहमीची मैफल आटोपली की रात्री उशिरा त्याच वादकांनी सुमारे तासाभराची दुसरी मैफल करायची. श्रोत्यांनी पेयाचा पेला आत आणावा, वाटेल तेव्हा टाळी वाजवावी, कंटाळा आल्यास उठून जावे. मधल्या वेळेत वादक आणि निवेदक रचनेविषयी बोलणार. हे वाद्य असे का दिसते, संगीतकाराने येथे कोणती गंमत केली आहे, हा स्वर वाजवताना आमची त्रेधा का उडते, अशा गोष्टी श्रोत्याला खुद्द वादकाच्या तोंडून कळणार. कालांतराने ही मालिका सभागृह सोडून लंडनच्या पबमध्येही शिरली. तेथे अर्थातच पूर्ण वाद्यवृंद मावत नाही, म्हणून चार-सहा वादकांचा संच जातो. व्यासपीठ नसते. व्हायोलिनवादकाचा श्वास ऐकू येईल इतक्या जवळ श्रोता उभा असतो.

बुडापेस्ट फेस्टिव्हल ऑर्केस्ट्रा हा इव्हान फिशर आणि झोल्तान कोचिश यांनी १९८३ साली उभा केलेला वाद्यवृंद. त्याच्या ‘मध्यरात्रीच्या संगीता’ची मैफल रात्री साडेअकराला सुरू होते. खुर्च्यांऐवजी जमिनीवर मऊ गाद्या टाकलेल्या असतात आणि तरुण श्रोते थेट वादकांच्या मधोमध बसतात. कोणी चेलोच्या पायाशी, कोणी तुतारीच्या पुढ्यात. फिशर आधी रचनेविषयी बोलतात आणि मग वादन होते. येथे बसणाऱ्याला सिंफनीचा संतुलित आवाज ऐकू येत नाही, हे खरे. पण एरवी कधीच न मिळणारी गोष्ट त्याला मिळते. ऐंशी माणसे एकमेकांकडे पाहत, एकमेकांना सावरत हे संगीत कसे घडवतात, ते त्याला आतून दिसते.

याच वाद्यवृंदाने लहान मुलांसाठी ‘कोको’ मैफली सुरू केल्या आणि स्वमग्न मुलांसाठी त्यांचे वेगळे रूप तयार केले. वादकांचे छोटे संच चर्चमध्ये, वृद्धाश्रमांत, ज्यू समाज उरला नाही म्हणून ओस पडलेल्या जुन्या सिनेगॉगमध्ये जाऊन विनामूल्य वाजवतात. लंडनच्या प्रॉम्स महोत्सवात २०११ आणि २०२३ साली या वाद्यवृंदाने कार्यक्रमाची निवडच श्रोत्यांवर सोपवली. दोनशेहून अधिक रचनांच्या यादीतून श्रोत्यांनी मागावे आणि वाद्यवृंदाने जवळपास आयत्या वेळी वाजवावे, असा तो प्रयोग होता. वादकांच्या तयारीवर विश्वास असल्याखेरीज असे धाडस होत नाही. अनौपचारिक म्हणजे ढिसाळ, असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

शिलिंगचा वारसा

वास्तविक प्रॉम्स हा महोत्सव स्वतःच या विचाराचे सर्वांत जुने आणि यशस्वी उदाहरण आहे. रॉबर्ट न्यूमन या व्यवस्थापकाने हेन्री वुड या तरुण संचालकाला हाताशी धरून १० ऑगस्ट १८९५ रोजी लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये त्याचा आरंभ केला. उभे राहून ऐकण्याचे तिकीट एक शिलिंग होते. खाण्यापिण्याला आणि धूम्रपानालाही मोकळीक होती. गायन चालू असताना काडी ओढू नये, एवढीच विनंती असे. हलक्याफुलक्या रचनांनी सुरुवात करून श्रोत्याला हळूहळू गंभीर संगीताकडे न्यायचे, ही न्यूमन यांची योजना होती. बीबीसीने १९२७ साली हा महोत्सव आपल्याकडे घेतला. मे १९४१ मध्ये जर्मन बॉम्बफेकीत क्वीन्स हॉल जमीनदोस्त झाला आणि महोत्सव रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये गेला. २०२४ सालच्या महोत्सवातही उभे राहून ऐकण्याची तिकिटे आठ पौंडांत मिळत होती. विशेष म्हणजे स्वस्त तिकिटाचा हा श्रोता मागच्या कोपऱ्यात ढकललेला नाही. तो व्यासपीठाच्या अगदी पुढ्यात उभा असतो. महाग खुर्च्या त्याच्या मागे आणि वर असतात.

प्रॉम्सच्या या रचनेतच एक धडा आहे. तेथे काडी ओढू नका, ही विनंती पाळली जात होती आणि आजही हजारो माणसे तेथे कमालीची शांतता राखतात. म्हणजे मोकळेपणा आणि एकाग्रता या परस्परविरोधी गोष्टी नाहीत. श्रोत्याला आपण येथे पाहुणे नसून घरचे आहोत असे वाटले, तर शांतता तो स्वतःहून देतो.

मोकळीक कशाची?

तरीही अनौपचारिक मैफलींवरील आक्षेप झटकून टाकण्यासारखे नाहीत. पहिला आक्षेप असा की, पेय, पोशाख आणि फोन यांची मुभा हे सोपे उपाय आहेत. त्यांनी सभागृह भरेलही, पण श्रोता संगीताच्या जवळ येईलच असे नाही. दुसरा आक्षेप असा की, तरुणांना गांभीर्य पेलत नाही, हे गृहीतच अपमानास्पद आहे. तिसरा आक्षेप वादकांचा आहे. दिवसभर तालीम, सायंकाळी मैफल आणि रात्री पुन्हा मैफल, या कष्टांचा मोबदला कोण देणार?

पहिल्या आक्षेपाचे उत्तर शोधताना आपल्या मैफलीचा विचार उपयोगी पडतो. हिंदुस्थानी संगीताच्या बैठकीत श्रोता गायकाच्या समोर, हातभर अंतरावर बसतो. ‘वाहवा’ म्हणतो, मान डोलावतो, हाताने ताल धरतो. पण ही दाद वाटेल तेथे येत नाही. समेवर अचूक आलेली तान, अनपेक्षित लागलेला स्वर, तिहाईचा शेवट, अशा जागांवर ती येते. म्हणजे बैठकीतील मोकळीक ही जाणकारीतून आलेली असते. दाद कोठे द्यायची हे ज्याला समजते, त्याच्या आवाजाने गायकाचा रसभंग होत नाही, उलट त्याला बळ मिळते. पुण्यात १९५३ पासून भरत आलेल्या सवाई गंधर्व महोत्सवात हजारो श्रोते जमतात, बाहेर खाण्याचे स्टॉल असतात, लोक येत-जात असतात. तरीही तेथे रंगलेल्या ख्यालाला जी शांतता आणि जी दाद मिळते, ती कोणत्याही नियमावलीने मिळवता आली नसती.

या कसोटीवर पाहिले तर ‘नाइट शिफ्ट’ किंवा बुडापेस्टच्या मध्यरात्रीच्या मैफलीतील खरी मोलाची गोष्ट पेयाचा पेला किंवा मऊ गादी नव्हे. वादक श्रोत्याशी बोलतो, हे मोलाचे आहे. बोलण्यातून जाणकारी वाटली जाते आणि जाणकारीतून दाद देण्याचा अधिकार मिळतो. लिओनार्ड बर्नस्टीन यांनी १९५८ ते १९७२ या काळात न्यूयॉर्क फिलहार्मोनिकसोबत मुलांसाठी ५३ दूरचित्रवाणी मैफली केल्या. त्यांत कोणी गाद्यांवर लोळत नव्हते. मुले नीटनेटक्या कपड्यांत खुर्च्यांवरच बसलेली होती. पण बर्नस्टीन पियानोवर बसून, उदाहरणे देत, सुरावट म्हणजे काय, सिंफनीची बांधणी कशी असते, हे सांगत. श्रोता आणि वाद्यवृंद यांच्यातील अंतर तेथे पोशाखाने नव्हे, समजुतीने कमी झाले. बर्मिंगहॅममध्ये जो घोटाळा झाला, त्याचे मूळही येथेच सापडते. फोन वापरण्याची मुभा दिली गेली, पण संवाद झाला नाही. श्रोत्यांशी तर नाहीच, पण ज्याला गायचे होते त्या कलावंताशीही नाही.

दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे सातत्य. ‘ऑर्केस्ट्रा ऑफ द एज ऑफ एन्लायटन्मेंट’ने २०२० साली आपले बिऱ्हाडच उत्तर लंडनमधील एका शाळेत हलवले. शाळेच्या इमारतीत कार्यालय, शाळेच्या सभागृहात तालीम आणि त्या तालमींना विद्यार्थ्यांची उपस्थिती. ही मुले वर्षातून एकदा ‘संस्कृती’ पाहायला बसने जात नाहीत. मधल्या सुट्टीत त्यांच्या कानावर बासूनचा आवाज पडतो. दक्षिण लंडनमधील पेकहॅम भागात एका बहुमजली वाहनतळावर २०११ पासून मैफली करणाऱ्या ‘मल्टी-स्टोरी ऑर्केस्ट्रा’नेही परिसरातील शाळांतील मुलांना सोबत घेतले. जवळून रेल्वे धडधडत जाते, वारा सुटतो, तरी लोक येतात, कारण ती जागा त्यांच्या रोजच्या जाण्यायेण्यातली आहे. अमेरिकेत बाल्टिमोरच्या वाद्यवृंदाने मरिन ऑल्सप यांच्या नेतृत्वाखाली २०१० साली आणखी एक पाऊल टाकले. हौशी वादकांना, म्हणजे शाळेत वाद्य शिकून नंतर नोकरी-संसारात ते बाजूला ठेवलेल्यांना, थेट व्यावसायिक वादकांच्या शेजारी बसवून वाजवू दिले. श्रोता आणि वादक यांच्यातील सीमारेषा याहून अधिक पुसता येणे कठीण.

बंद दारांची मैफल

याच्या नेमके उलट उदाहरण आपल्या देशात घडले. झुबिन मेहता यांनी बव्हेरियन स्टेट ऑर्केस्ट्रासह ७ सप्टेंबर २०१३ रोजी श्रीनगरच्या शालिमार बागेत मैफल केली. जर्मन दूतावासाने आयोजित केलेल्या या कार्यक्रमात काश्मिरी वादकांनाही सहभागी करून घेतले होते. खुली बाग, समोर पर्वतराजी, सायंकाळची वेळ. अनौपचारिकतेला लागणारे सारे काही तेथे होते. पण प्रवेश केवळ निमंत्रितांना होता आणि भोवती कडेकोट बंदोबस्त होता. ज्यांच्यासाठी ही मैफल असल्याचे सांगितले गेले, ते सामान्य काश्मिरी बाहेरच राहिले आणि त्याच दिवशी श्रीनगरमध्ये निषेधाचा समांतर कार्यक्रम झाला. पुढच्या वेळी मैफल सर्वांसाठी, एखाद्या क्रीडांगणावर व्हावी, अशी इच्छा खुद्द मेहता यांनीच बोलून दाखवली.

सुरक्षेच्या अडचणी खऱ्या होत्या आणि मेहता यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु छप्पर काढून टाकले म्हणजे मैफल खुली होत नाही, हे त्या दिवशी स्पष्ट झाले. अंतर हे भिंतींपेक्षा निमंत्रणपत्रिकेत अधिक असते.

आणि मुंबई?

मुंबईला हा विषय परका नाही. झुबिन यांचे वडील मेहली मेहता यांनी १९३५ साली या शहरात बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता. नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स अर्थात एनसीपीएमध्ये २००६ साली खुश्रू सनटूक आणि व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव्ह यांच्या पुढाकाराने सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाची स्थापना झाली. या वाद्यवृंदासाठी झाकिर हुसेन यांनी तबल्याचा कंचेर्तो रचला आणि २०१५ साली मुंबईत तो प्रथम सादर झाला. मुलांना वाद्ये शिकवणारी संस्थाही या वाद्यवृंदाने सुरू केली. हे काम मोठे आहे.

पण मुंबईचा वाद्यवृंदाशी असलेला खरा परिचय नरिमन पॉइंटला झालेला नाही. तो हिंदी चित्रपटगीतांतून झाला आहे. गोव्याहून आलेल्या व्हायोलिन, चेलो आणि ट्रम्पेटवादकांनी चित्रपटसंगीताच्या ध्वनिमुद्रणांत पाश्चात्त्य स्वरमेळ आणला आणि तो घरोघर पोचवला. त्यांच्यापैकी अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ साली झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात शंभराहून अधिक वादकांचा वाद्यवृंद उभा करून स्वतःच्या रचना सादर केल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले होते. भारतीय राग आणि पाश्चात्त्य वाद्यमेळ यांचा तो प्रयोग होता आणि जागा होती एका महाविद्यालयाचा चौक. मराठीत ‘ऑर्केस्ट्रा’ हा शब्द चित्रपटगीतांच्या रंगमंचीय कार्यक्रमासाठी रूढ झाला, यावर काही जण नाके मुरडतात. पण त्याचा अर्थ असाही होतो की, डोंबिवलीच्या श्रोत्याला वीस व्हायोलिनांचा एकत्र आवाज अनोळखी नाही. त्याला अनोळखी आहे ते सभागृह आणि तेथील रीत.

हे अंतर कमी करण्यासाठी फार मोठा निधी लागेल असे नाही. नव्वद वादकांचा संपूर्ण वाद्यवृंद उपनगरातील नाट्यगृहाच्या रंगमंचावर मावणार नाही, हे खरे. पण हायडन आणि मोझार्ट यांच्या कित्येक सिंफनी वीस-पंचवीस वादकांत वाजू शकतात, किंबहुना अशाच लहान संचांसाठी त्या रचल्या गेल्या. असा संच पार्ल्याच्या दीनानाथ नाट्यगृहात, ठाण्याच्या गडकरी रंगायतनमध्ये किंवा डोंबिवलीच्या सावित्रीबाई फुले नाट्यगृहात का येऊ नये? मैफलीआधी आणि मध्ये कोणी मराठीतून बोलावे. हायडनने १७७२ साली एका सिंफनीच्या शेवटी वादकांना एकेक करून मेणबत्ती विझवत निघून जायला लावले आणि सुट्टी न देणाऱ्या आपल्या आश्रयदात्या राजपुत्राला त्यांच्या घरच्या ओढीची जाणीव करून दिली, ही कथा ऐकलेला श्रोता ती रचना कधीही परकेपणाने ऐकणार नाही. तालमी शाळा-महाविद्यालयांना खुल्या कराव्यात. तिकिटांचा काही वाटा, आणि तोही पुढच्या रांगांतील, नाटकाच्या तिकिटाइतक्या दरात ठेवावा.

यांपैकी एकही गोष्ट संगीताच्या गाभ्याला धक्का लावत नाही. वादकांनी कमी मेहनत घ्यावी, रचना सोप्या कराव्यात, मधूनमधून चित्रपटगीते घालावीत, असे कोणी म्हणत नाही. उलट लंडन आणि बुडापेस्ट यांचा अनुभव असा की, श्रोता जितका जवळ, तितकी वादकाची कसोटी अवघड. हातभर अंतरावरून बेसूर स्वर लपत नाही. अर्थात वादकांच्या या जादा श्रमांचा मोबदला अंदाजपत्रकात धरावा लागेल. तो धरला नाही, तर उपक्रम दोन-चार प्रयोगांत हौस म्हणून संपेल.

बर्मिंगहॅमच्या वादात एक गोष्ट दोन्ही बाजूंना मान्य होती. समोर बसलेल्या माणसावाचून मैफल होत नाही. त्या माणसाला काय करू द्यावे, यावर मतभेद राहतील आणि प्रत्येक शहराला आपले उत्तर शोधावे लागेल. मुंबईने मात्र त्याआधीचा प्रश्न सोडवायचा आहे. तो माणूस रात्रीची लोकल पकडून घरी पोचेल अशा वेळी, त्याच्या खिशाला झेपेल अशा दरात आणि त्याला समजेल अशा भाषेत त्याला बोलावले गेले आहे का? टाळी कोठे वाजवावी, याची चर्चा त्यानंतर खुशाल व्हावी.